ओला दगड

चौबळसर कुणालाच ‘ये’ म्हणत नसत.
कँटीनच्या पोऱ्याला या, शिपायाच्या मुलीला या,
लिथोच्या खोलीत शिरलेल्या कुत्रीलाही
‘या, बसा, शाईत पाय घालू नका.’
आम्ही दांडिया बाजारातली मुलं हसायचो:
दरबार गेला, सरांची पगडी काही उतरत नाही.

दगडाशी मात्र एकेरी.
रोलर चढवण्याआधी स्पंजानं पाणी फिरवताना
ओठांतल्या ओठांत: ये, ये.
चित्राला वर बोलावतात, असं आम्हांला वाटे.
मीही तसंच म्हणायला लागलो.
दोन वर्षं म्हणत होतो.

डिसेंबर एकाहत्तर. काचांना काळा कागद,
भोंगा होऊन गेलेला, दिवे बंद.
कधीकाळी जर्मनीहून आलेला तो पिवळट दगड
अंधारात साय धरल्यासारखा दिसत होता.
सर बोलले ते माझ्याशी की त्याच्याशी,
कळलं नाही.

रंगूनला वडील रेल्वेत नकाशे काढायचे.
पुढच्या घरात मराठी,
मागच्या अंगणात मा सेइंची भाषा.
धाकटी शशी तिच्याच कडेवर वाढली,
तिला आधी तीच आली.
बेचाळीसच्या एप्रिलात चालत निघाले.
कलेवा, तामू, मग डोंगर.
एकामागे दुसरा, त्यामागे –
अंधारात सरांची बोटं मोडल्याचा आवाज येत होता,
नऊ वेळा आला.
वाटेत लोकांनी टाकलेलं सामान: शिवणयंत्र, पेटी,
देवांचा डबा, झाकण लावलेला.

शशी आईच्या खांद्यावर. तीन वर्षांची.
ये, म्हणाली. ये. ये.
आई म्हणाली, अगं, इथंच आहे की मी.
एक अख्खा डोंगर उतरेपर्यंत
इथंच आहे, इथंच आहे.

‘त्यांच्यात पाण्याला ये म्हणतात,’ सर म्हणाले.
‘मला माहीत होतं. आठ वर्षांचा होतो मी.
पाणी नव्हतंच. मग आईला सांगून काय करायचं?’

संकट टळल्याचा भोंगा झाला, लांबलचक, एकसुरी.
सरांनी उठून दिवा लावला.
‘दगड सुकतोय. लक्ष कुठं आहे तुमचं?’

पुढे मी नीट पाहू लागलो.
त्यांच्या चित्रांत विश्वामित्री, वड, चिखलातली मगर,
सगळं आडवं, पट्टीनं ओढलेल्या क्षितिजाखाली.
पावसानं हवा धुतली की गच्चीतून पावागड दिसतो,
लोक पाहुण्यांना बोलावून दाखवतात.
सर हो हो म्हणत, आणि खुर्ची फिरवून घेत.
शाळा पुढची सगळी गुजरातीत झालेली;
मराठी लिहीत ती उलटी, आरशातली,
दगडावर, मोत्यासारखी.
सरळ पत्र लिहायला बसले की
अक्षर दुसरीतल्या मुलाचं.

ते गेल्यावर मुलीनं एक पुठ्ठ्याची फाइल आणून दिली.
तळाशी एकच छाप, सही नसलेला.
नऊ डोंगर, नुसत्या कडा,
त्यांतून वाट उजवीकडून डावीकडे
वडिलांच्या नकाशात असेल तशी,
आणि खाली कोपऱ्यात ‘ये’,
उलटा.

नवशिका करतो ती चूक:
दगडावर सरळ लिहिलं की कागदावर उलटं उमटतं.
सर ती करणारे नव्हते.
मी बराच वेळ तसाच बसलो.
मग कागद खिडकीच्या काचेला लावला,
पाठ माझ्याकडे करून.
मागून शाई फिकी होती, पण वाचता आलं.
अक्षर सरळ झालं होतं
आणि वाट वळून
रंगूनकडे निघाली होती.

बाहेर नुसता धुरळा, पावागड नव्हता.
आत नळाला पाणी आलं असावं,
कुणीतरी बादली सरकवली.